ख्रिस्ती धर्मातील वेशमर्यादा

ख्रिस्ती धर्मातील वेशमर्यादा म्हणजे पेहराव व अलंकार यांबाबत ख्रिस्ती व्यक्तीने पाळावयाचा संयम होय. सर्वांना बंधनकारक असा ठरावीक वेश या धर्मात सांगितलेला नाही. त्यामुळे मर्यादेचा अर्थ देश, काळ व पंथ यांनुसार बदलत गेला. गोवा व महाराष्ट्रात त्यात आणखी एक प्रश्न मिसळला : धर्मांतरानंतर देशी पेहराव ठेवावा की सोडावा?

बायबलमधील आधार

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम व हव्वा अंजिराच्या पानांनी अंग झाकतात व पुढे देव त्यांना चामड्याची वस्त्रे देतो. वस्त्र लज्जारक्षणासाठी, हा विचार येथला. मात्र या विषयात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा (२:९-१०) व पेत्राच्या पहिल्या पत्राचा (३:३-४) आधार अधिक घेतला जातो. या वचनांचा रोख उघड्या अंगापेक्षा केसांची गुंफण, सोन्याचे दागिने व उंची वस्त्रे यांवर, म्हणजे श्रीमंतीच्या प्रदर्शनावर आहे. स्त्रीच्या बाहीची लांबी मोजणाऱ्यांचे याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय ११) प्रार्थनेच्या वेळी स्त्रीने मस्तक झाकावे, पुरुषाने झाकू नये, असे सांगितले आहे. कॅथलिक चर्चच्या १९१७च्या धर्मसंहितेत स्त्रियांसाठी हा नियम होता. १९८३च्या संहितेत तो राहिला नाही. मराठी मंडळ्यांत प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर घेण्याची रीत आढळते. साडीमुळे त्यासाठी वेगळे वस्त्र लागत नाही. पुरुषांचा नियम मात्र पागोटे उतरविणे मानहानीचे समजणाऱ्या समाजाला सहज रुचण्याजोगा नव्हता.

गोवा आणि वसई

पोर्तुगीज अंमलात गोव्यातील इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या फर्मानाने स्थानिक ख्रिस्ती पुरुषांना धोतर (पुडवें) व स्त्रियांना चोळी वापरण्यास मनाई केली. या वस्त्रांनी अंग झाकले जात नव्हते असे नाही. ती हिंदू रीतीची होती, हाच आक्षेप होता. वसई परिसरातही पोर्तुगीजांची सत्ता १७३९पर्यंत होती. तरीही तेथील सामवेदी ख्रिस्ती स्त्रियांनी लाल लुगडे टिकविले. आज ते मुख्यतः वयस्कर स्त्रियांच्या अंगावर व समारंभांत दिसते.

पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पेहराव व आहार मात्र त्यांनी बदलला नाही. त्या शाकाहारी राहिल्या आणि पांढरी साडीच नेसत. इंग्रजी चालीरीती म्हणजे ख्रिस्ती धर्म नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. क्रूसावर लॅटिन अक्षरे असण्यालाही त्यांनी हरकत घेतली व संस्कृतचा आग्रह धरला. रूढीने विधवेवर लादलेले बिनकाठाचे पांढरे वस्त्र त्यांच्या बाबतीत साधेपणाचे, तीमथ्याच्या पत्रातील अर्थाने ख्रिस्ती, वस्त्र ठरले. केडगाव येथील मुक्ती मिशनमध्येही त्यांनी हाच वेश अखेरपर्यंत ठेवला.