एवढासा टवका, दादा!

घाटात रेंज गेली की एपिसोड मध्येच अडकतो, अशी तक्रार बऱ्याच जणांनी केली. म्हणून हा भाग लिहूनही देतोय.

गेल्या महिन्यात कोयनानगरला घरी गेलो होतो. शेजारचा बारावीतला पोरगा मला ओढतच त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये घेऊन गेला. लोखंडी स्टँडवर जुन्या बाइकचं इंजिन आणि त्यावर त्याने स्वतः तासलेला लाकडी प्रोपेलर. पुढे यावर छोटं विमान करायचं म्हणाला. खरं सांगतो, कौतुक वाटलं. मग पात्याच्या पुढच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढा टवका दिसला.

"खाली खडी होती, एक खडा उडून लागला. एपॉक्सी भरलंय, रंग मारला की दिसणार पण नाही. एवढासा तर आहे, दादा!"

मी त्याला इंजिन चालू करू दिलं नाही. गडी फुगून बसला. मी का अडवलं, ते आज सांगतो.

आधी थोडं गणित

समजा, प्रोपेलरची लांबी टोकापासून टोकापर्यंत १.८ मीटर आहे आणि तो मिनिटाला २,५०० फेरे घेतोय. छोट्या विमानात हे नेहमीचेच आकडे. अशा वेळी पात्याचं टोक ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने फिरत असतं. विमान धावपट्टीवर उभं असलं तरी! त्या टोकावरचा फक्त १० ग्रॅमचा तुकडा ६० किलोहून जास्त जोराने बाहेर सुटायला बघतो. प्रत्येक तुकड्याला त्याच्या आतला तुकडा धरून ठेवतो. म्हणजे सगळी ओढ शेवटी मधल्या हबवर येते.

आता टवका. गुळगुळीत कडेवर ताण सगळीकडे पसरतो, पण खाच पडली की तो तिथेच एकवटतो. दुधाची पिशवी नुसती ओढली तर फाटत नाही, पण दाताने जरा चीर पाडली की टर्रकन फाटते. तसंच हे. त्यात पिस्टनचा प्रत्येक ठोका पात्याला हिसका देत असतो. तासाभरात दीड लाख फेरे होतात. ॲल्युमिनियमच्या पात्यात खाचेपासून केसाएवढी चीर निघते आणि ती हळूहळू सरकत जाते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. आमच्या भाषेत सांगायचं तर हा मेमरी लीक आहे. ॲप झकास चाललेलं असतं आणि एक दिवस धाडकन बंद पडतं. फरक इतकाच, की हवेत रिस्टार्टचं बटण नसतं.

लाकूड थकव्याला चिवट असतं. पण त्याचा शत्रू ओल, आणि कोयनेचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे! टवक्यातून ओल आत शिरते, चिकटवलेले थर सुटू लागतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि हबचे बोल्ट सैल पडतात. म्हणून लाकडी प्रोपेलरचे बोल्ट ऋतू बदलला की टॉर्क रेंचने पुन्हा तपासतात. अंदाजाने आवळायचे नसतात, कारण जास्त आवळले तर लाकूड चिरडतं.

पातं तुटलं तर?

दोन किलोचं एक पातं गेलं, की उरलेलं पातं इंजिनाला प्रत्येक फेऱ्यात चारही बाजूंनी हिसडतं. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला, तर तो जोर पाच टनांहून जास्त येतो. इंजिन लगेच बंद केलं नाही, तर ते चौकटीतून उपटून निघू शकतं. पुढचं वजन गेलं की विमानाचा तोल जातो, मग वैमानिकाच्या हातात काही उरत नाही.

१९८६ मध्ये 'व्हॉयेजर' या अमेरिकेत हाताने बांधलेल्या विमानाचं पातं चाचणी उड्डाणात तुटलं होतं. त्याला दोन इंजिनं होती आणि वैमानिकही कसलेले, म्हणून सुखरूप उतरले. मग प्रोपेलर बदलले, आणि त्याच डिसेंबरमध्ये त्या विमानाने न थांबता, वाटेत इंधन न भरता ९ दिवसांत पृथ्वीला फेरी मारली.

आपल्याकडचा किस्सा असा गोड नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या २४ वर्षांच्या तरुणाने मारुती ८०० चं इंजिन बसवून हेलिकॉप्टर बनवलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या काही दिवस आधी, रात्री त्याची चाचणी चालू होती. शेपटीचं पातं तुटून वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं, आणि त्या पंख्याचा फटका त्याच्या डोक्याला बसला. तो गेला. हेलिकॉप्टर जमिनीवरच होतं. शेपटीचा पंखा म्हणजे छोटा प्रोपेलरच.

त्या तरुणाला हसणारे कमेंट्स मी तेव्हा वाचले होते. मला नाही हसू आलं. त्याच्याकडे हात होता, डोकं होतं. "थांब, हे पातं आधी तपासू" म्हणणारं कोणी शेजारी नव्हतं.

मग करायचं काय?

दर वेळी इंजिन सुरू करण्याआधी पात्याच्या कडेवरून कापूस फिरवा. जिथे तो अडकेल तिथे खाच आहे. धातूच्या पात्यावरची छोटी खाच जाणकार मेकॅनिक बारीक कानस लावून पात्याच्या लांबीच्या दिशेने उतरवतो. किती घासायचं याचीही मर्यादा असते. खाच भरून वर रंग मारणं म्हणजे एरर दुरुस्त न करता नुसता लॉग पुसणं.

खडीवर इंजिन चालवू नका. प्रोपेलर जमिनीला आपटला, तर नुसतं पातं बदलून भागत नाही, इंजिनाचा क्रँकशाफ्टही तपासावा लागतो. आणि पाती ज्या रेषेत फिरतात त्या रेषेत कधीच उभं राहू नका, कोणालाही राहू देऊ नका. तुकडा सुटला तर तिकडेच जातो. इंजिन बंद असलं तरी प्रोपेलरला 'चालू' समजूनच हात लावा.

कॅप्टन अमोल यादव यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांनी कांदिवलीत चारकोपच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये बीकेसीतल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी मिळाली २०१७ मध्ये, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये. ही वाट लांब आहे, वैताग आणणारी आहे. पण तपासणी म्हणजे कोड रिव्ह्यूच. आपल्याला न दिसलेला टवका दुसऱ्या डोळ्याला दिसतो.

निघायच्या आदल्या दिवशी पोरगा स्वतःच आला. प्रोपेलर उतरवून आणला होता. आम्ही एपॉक्सी खरवडली. खालून रेषेसारखी चीर निघाली, बोटभर लांब. तो काही बोलला नाही. आता ते पातं त्याच्या शेडच्या भिंतीवर टांगलंय आणि खाली खडूने लिहिलंय: "एवढासा."

नवीन लाकूड आणलंय त्याने. खडीवर आधी कोबा करणार म्हणतोय. भेटू पुढच्या भागात!