घरचा पैसा आणि कॅथलिक श्रद्धा

श्रोतेहो, मुलीचं लग्न ठरलं आहे, हाती पुरेसा पैसा नाही आणि चार माणसांत नाव तर राखायचं आहे. अशा वेळी कर्ज काढावं, वाडीचा एखादा तुकडा विकावा, की लग्नच बेताने करावं? हा प्रश्न आपल्या मुलखातल्या कोणत्याही घराला नवा नाही. वसईत केळी, पानवेल आणि भाजीपाला पिकवणाऱ्या कॅथलिक कुटुंबापुढेही तो येतो, आणि अहिल्यानगर जिल्ह्यात मिशनच्या काळापासून वसलेल्या कुटुंबापुढेही येतो. फक्त त्या घरात या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. ‘परवडेल का?’ याबरोबरच ‘देवापुढे हे चालेल का?’ असंही तिथे विचारायचं असतं. आपल्या शेजाऱ्याची श्रद्धा त्याला पैशाच्या बाबतीत नेमकं काय सांगते, ते आज पाहू. त्यातलं पुष्कळसं कोणत्याही धर्माच्या माणसाला उपयोगी पडेल असं आहे.

पहिली गोष्ट मालकीची. कॅथलिक शिकवण खाजगी मालमत्ता नाकारत नाही. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी मजुरांच्या प्रश्नावर जे प्रसिद्ध परिपत्रक काढलं, त्यात माणसाला स्वतःची जमीन, स्वतःचं घर असण्याचा हक्क आहे, असं स्पष्ट सांगितलं आहे. पण त्याच परिपत्रकात दुसरी बाजूही आहे. वस्तू माझ्या नावावर असली तरी तिचा वापर करताना गरजवंताचा विचार सोडता येत नाही. पृथ्वीवरचं सारं देवाने सर्वांसाठी निर्माण केलं, आणि सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे तो त्याचा कारभारी आहे, असा हा भाव. कारभाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. शुभवर्तमानात धन्याने चाकरांच्या हाती पैसा सोपवल्याची जी कथा आहे, तिच्यात धनी परत येऊन हिशेब मागतो. ज्याने भीतीपोटी पैसा जमिनीत पुरून ठेवला, त्याला तिथे शाबासकी मिळत नाही.

मग हा हिशेब करायचा कसा? घरात पैसा आला की कोणाचं देणं आधी भागवायचं? चर्चची शिकवण एकत्र करून पाहिली, तर एक क्रम सहज हाती लागतो.

सर्वांत आधी येतं न्यायाचं देणं. गड्याची मजुरी, दुकानदाराची उधारी, घेतलेलं कर्ज, सरकारचा कर. हे पैसे आपल्या खिशात असले तरी ते आपले नाहीत. मजुराची मजुरी अडकवून ठेवणं हे बायबलमध्ये देवाकडे दाद मागणारं पाप मानलं आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात चोरीच्या सदराखाली कमी मजुरी देणं, लाचलुचपत, कर चुकवणं आणि अंगचोरपणे केलेलं काम यांचाही समावेश आहे. आणखी एक कडक नियम आहे. दुसऱ्याचं लुबाडलेलं धन घरात ठेवून नुसतं धर्मगुरूपुढे पापनिवेदन केल्याने भागत नाही, शक्य असेल तर ते परत करावं लागतं. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय म्हणूनच म्हणतो की, निम्मी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करीन. इथे दान वेगळं आणि परतफेड वेगळी, हे ध्यानात घ्या. मजुराचे पैसे थकवून चर्चला मोठी देणगी दिली, तर तो दानधर्म होत नाही.

दुसरं येतं घर. मुलाबाळांचं पोषण, त्यांचं शिक्षण, म्हाताऱ्या आईवडिलांचं औषधपाणी. हा स्वार्थ मानलेला नाही, ते कर्तव्य आहे. घर उपाशी ठेवून बाहेर दानशूर म्हणवून घेणं श्रद्धेला मान्य नाही. अडीअडचणीसाठी चार पैसे बाजूला टाकणं, पिकाचा किंवा आयुष्याचा विमा उतरवणं, यात देवावर अविश्वास दाखवल्यासारखं काही नाही. येशूच्या दाखल्यातला धनिक मूर्ख ठरला, तो कोठारं बांधली म्हणून नव्हे. भरलेल्या कोठाराच्या जोरावर आता आपल्याला काही धाक नाही, असं त्याला वाटलं आणि इतर कोणाची आठवण झाली नाही, म्हणून.

तिसरं येतं चर्च आणि गोरगरीब. इथे पुष्कळांचा एक गैरसमज असतो. कॅथलिक माणसाने उत्पन्नाचा दहावा हिस्सा दिलाच पाहिजे, असं कित्येकांना वाटतं. आजच्या चर्चच्या कायद्यात असा ठरावीक आकडा सर्वांवर घातलेला नाही. चर्चच्या गरजा आपापल्या ऐपतीप्रमाणे भागवाव्यात आणि आपल्या मिळकतीतून गरिबांना मदत करावी, एवढं बंधन आहे. किती, ते ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोडलं आहे. मंदिराच्या दानपेटीत दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेचं येशूने कौतुक केलं, ते तिला त्या दानाची जी झळ लागली ती पाहून.

आता कर्जाकडे वळू, कारण शेतकऱ्याच्या घरात खरा पेच तिथेच पडतो. मध्ययुगात चर्चचा व्याजाला कडवा विरोध होता. तेराव्या शतकातले संत थॉमस अक्विनास यांचं म्हणणं असं की, धान्य खाल्लं की संपतं तसा पैसा वापरला की संपतो. मग वस्तूची किंमत वेगळी आणि तिच्या वापराचं भाडं वेगळं, असं दोनदा कसं घेता येईल? त्या काळी कर्ज काढी तो बहुधा अडलेला माणूसच असे. त्याच्या अडचणीवर नफा कमावणं हे पाप, असा त्यामागचा रोख होता. पण पुढे व्यापार वाढला. उसना दिलेला पैसा मला दुसरीकडे उपयोगी पडला असता, तो नुकसानीचा भाग घ्यायचा की नाही, असे प्रश्न निघाले. १७४५ साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी इटलीच्या बिशपांना पत्र लिहून जुना नियम पुन्हा बजावला, पण वेगळ्या न्याय्य कारणासाठी वाजवी मोबदला घेता येतो, हेही मान्य केलं. पुढच्या काळात चर्चने वाजवी व्याजाला हरकत घेतली नाही. सावकारी पिळवणूक मात्र तेव्हाही पाप होती आणि आजही आहे. आपल्याकडे जुन्या हिंदू कायद्यात दामदुपटीचा नियम होता, म्हणजे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. दोन्हीकडे चिंता एकच होती, ती अडलेल्या माणसाची.

नुसता निषेध करून सावकार हटत नाही, हेही चर्चच्या लोकांनी ओळखलं. इटलीत पेरूजा शहरात १४६२ साली फ्रान्सिस्कन संन्याशांच्या पुढाकाराने गरिबांसाठी गहाणपेढी निघाली. वस्तू ठेवा आणि अगदी अल्प आकारावर पैसे न्या, अशी तिची रीत. तो अल्प आकारही पाप आहे की काय, यावर मोठा वाद माजला. अखेर १५१५ साली रोमच्या लॅटरन धर्मपरिषदेने पेढीच्या खर्चापुरता आकार घ्यायला मान्यता दिली. कॅनडात १९०० साली लेव्ही या गावी आल्फोन्स देजार्दें या गृहस्थाने लोकांची पतपेढी स्थापन केली आणि धर्मग्रामाधर्मग्रामांतून धर्मगुरूंच्या मदतीने ती चळवळ पसरली. त्याच देशात नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या अँटिगोनिश येथे फादर मोझेस कोडी यांनी कोळी आणि शेतकरी यांची आधी अभ्यासमंडळं बसवली आणि मग पतपेढ्या काढायला लावल्या. आधी शिक्षण, मग पैसा, हा त्यांचा क्रम शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आपल्याकडचं उदाहरण तर अगदी जवळचं आहे. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. त्यानंतर १९१८ साली वसईत मॉन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी बॅसीन कॅथलिक सहकारी पतसंस्था उभी केली. तिचीच पुढे बँक झाली आणि ती आजही चालू आहे. शेजाऱ्याची बचत शेजाऱ्याच्या अडचणीला उपयोगी पडावी, हीच पतपेढीची मूळ कल्पना.

यात घरच्या माणसाच्या हिताचं काय, ते आकड्यांनी पाहू. समजा, लग्नासाठी ३ लाख रुपये हवेत. संस्थेने ते शेकडा १२ टक्के वार्षिक दराने ५ वर्षांच्या मुदतीवर दिले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,६७० रुपये पडतो. पाच वर्षांत मुद्दल फिटून व्याज जातं सुमारे १ लाख रुपये. तेच पैसे सावकाराकडून शेकडा ३ रुपये दरमहा या बोलीवर घेतले, तर महिन्याला नुसतं व्याजच ९,००० रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख ८ हजार. एका वर्षातच संस्थेच्या पाच वर्षांच्या व्याजाहून अधिक रक्कम गेली, आणि मुद्दल तसंच उभं! ‘शेकडा तीन’ कानाला किती थोडं वाटतं! म्हणून दर महिन्याचा की वर्षाचा, हे आधी विचारावं.

पण श्रोतेहो, हप्ता परवडला म्हणजे निर्णय बरोबर झाला, असंही नाही. इथे सोळाव्या शतकातले संत इग्नेशियस लोयोला उपयोगी पडतात. त्यांचा आध्यात्मिक साधनेचा ग्रंथ १५४८ साली रोममध्ये छापला गेला. त्यात दानधर्म कसा वाटावा, विशेषतः घेणारे आपले आप्तमित्र असतील तेव्हा, याचे काही नियम दिले आहेत. कोणत्याही पैशाच्या निर्णयाला ते लावून पाहता येतात. पहिलं, मला हे करावंसं वाटतं ते कशापोटी? देवाच्या प्रेमापोटी, की मानापोटी? दुसरं, एखादा पूर्ण अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आला, तर त्याचं भलं चिंतून मी त्याला काय सल्ला देईन? तोच सल्ला स्वतः पाळावा. तिसरं, मी मरणाच्या दारी असतो, तर या व्यवहारात कसं वागलो असतो तर बरं झालं असतं, असं मला वाटेल? आणि चौथं, न्यायाच्या दिवशी देवापुढे उभा राहीन तेव्हा कोणता निर्णय केलेला असावा, असं वाटेल?

लग्नाच्या खर्चाला हे लावून पाहा. ‘आमच्या भावकीत एवढं जेवण घालावंच लागतं,’ असं आपण स्वतःशी म्हणतो. पण अनोळखी माणसाने येऊन विचारलं, तर आपण त्याला पाच वर्षांचं कर्ज काढून मांडव घालायला सांगू का? बहुधा नाही. आपण म्हणू, ‘बाबा, विवाहसंस्काराला मांडवाचा थाट लागत नाही. अंथरूण पाहून पाय पसर.’ मुलाच्या शिक्षणाचं किंवा विहिरीचं कर्ज असेल, तर मात्र आपला सल्ला कदाचित निराळा पडेल.

इग्नेशियस यांनी दहा हजार सुवर्णनाणी हाती आलेल्या तीन प्रकारच्या माणसांचंही वर्णन केलं आहे. तिघांनाही कळतं की या पैशाने आपलं मन बांधलं गेलं आहे, आणि तिघांनाही सुटायचं आहे. पहिला मरेपर्यंत ‘पाहू, करू’ म्हणत राहतो. दुसऱ्याला मोकळं तर व्हायचं असतं, पण पैसा हातचा न सोडता. आपण ठरवलं त्याला देवाने होकार द्यावा, अशी त्याची इच्छा. तिसरा म्हणतो, ठेवणं योग्य असेल तर ठेवीन, सोडणं योग्य असेल तर सोडीन. गेल्या काही दशकांत मुंबई वसईपर्यंत येऊन भिडली, जमिनीचे भाव चढले आणि वाडी विकावी की राखावी, हा प्रश्न घरोघरी भावाभावांत उभा राहिला. श्रद्धा तिथे ‘विका’ किंवा ‘विकू नका’ असं तयार उत्तर देत नाही. ती एवढंच विचारते, की बहिणीचा वाटा नीट दिला का, वाडीवर राबणाऱ्याचं पुढे काय, पाण्याचं आणि झाडांचं काय, आणि आलेला पैसा कशाला लागणार? ही उत्तरं मनाशी न चाचरता देता आली, तर निर्णय कोणताही असो, माणूस तिसऱ्या वर्गाच्या जवळ आला.

दोन गोष्टी थोडक्यात सांगतो. जामीन राहताना भिडेला बळी पडू नये. जामिनाची सही म्हणजे वेळ आली तर ते कर्ज स्वतः फेडण्याचं वचन. फेडण्याची तयारी नसेल, तर वचन देऊ नये. दुसरी गोष्ट जुगाराची. चर्चने नशिबाच्या खेळाला मुळातच पाप म्हटलेलं नाही. पण ज्या पैशावर घरच्यांची किंवा दुसऱ्या कोणाची गरज भागायची, तो पैसा त्यात गेला, की ते पाप ठरतं. घरात दुधाची उधारी थकलेली आणि हातात लॉटरीचं तिकीट, ही स्थिती कोणत्या बाजूला पडते ते सांगायला नको.

शिक्षकबंधूंना यातून वर्गात पुष्कळ घेता येईल. व्याजाचं गणित फळ्यावर मांडताना दरमहा आणि दरसाल यांतला फरक मुलांकडून काढून घ्या, आणि घरच्या महिन्याच्या खर्चाची वही मोठ्यांच्या मदतीने एक महिना लिहायला सांगा. वहीच्या पहिल्या पानावर ‘आपण कोणाचं देणं लागतो’ एवढं एकच सदर असू द्या. गड्याची मजुरी, वाण्याची उधारी, शेजारणीकडून आणलेलं अदपाव तेल, सगळं त्यात येऊ द्या. ते पान कोरं झालं, की मग उरलेल्या पैशाचं काय करायचं, ते घरातल्या सर्वांनी एकत्र बसून ठरवावं.