रिटर्न भरताना दूध आणि शेती वेगळी सांगा
रिटर्न भरायला कर सल्लागाराकडे जाताय? मग हे लक्षात ठेवा.
🌾 ऊस, सोयाबीन, भाजीपाला, रोपवाटिका हे शेती उत्पन्न. त्यावर आयकर नाही.
🐄 दूध, कोंबडी, ट्रॅक्टरचं भाडं, एफडीचं व्याज शेतीत धरत नाहीत.
"सगळं शेतीतच दाखवू, टॅक्स शून्य येईल," असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. नोटीस तुमच्या नावावर येते, रिटर्न भरून देणाऱ्याच्या नाही.
✅ सोबत न्या: सातबारा, विक्रीच्या पट्ट्या, डेअरीची बिलं, पासबुक.
✅ शेती उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ फॉर्म चालत नाही.
✅ ओटीपी सांगण्याआधी रिटर्नमधले आकडे स्वतः वाचा.