कोलकात्याहून आलेलं यंत्र

१९६८च्या जानेवारीत बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन मुंबईत एचएमव्हीच्या फोर्टमधल्या स्टुडिओत दाखल झाला, तेव्हा तिथलं ध्वनिमुद्रण यंत्र मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचं होतं. एचएमव्हीचे भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं धूड कोलकात्याहून रेल्वेनं आणवलं.  

हॅरिसनला ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत करायचं होतं. प्रसंगांची लांबी त्यानं स्टॉपवॉच लावून आधीच टिपली होती. पण लंडनची चैन इथे नव्हती. तिथे एप्रिल १९६६मध्ये ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या गाण्यासाठी बीटल्सनी टेपचंच वाद्य केलं होतं. टेपचे तुकडे टोकाला टोक चिकटवून केलेली पाच वेटोळी वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी फिरत होती, आणि ती ताणून धरायला माणसं पेन्सिली घेऊन उभी होती. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावत असेल, तर ३८ सेंटिमीटरचं वेटोळं तोच आवाज दर सेकंदाला परत आणतं. वेग दुप्पट केला की सूर एक सप्तक चढतो आणि अवधी निम्मा होतो. मॅकार्टनीच्या हसण्यातून समुद्रपक्ष्यांचा कलकलाट निघाला तो असा. टेपरेकॉर्डरचे सेल उतरल्यावर रडकं झालेलं भजन ज्यांनी ऐकलंय, त्यांना याची उलटी बाजू ठाऊक आहे. लेननचा आवाज तर ऑर्गनच्या फिरत्या भोंग्यातून काढला होता. भोंगा आपल्याकडे वळताना सूर किंचित चढतो, पाठ फिरवताना उतरतो. हा डॉप्लर परिणाम.

मुंबईत हॅरिसनच्या हाताशी होते ते दोन ट्रॅक आणि कसलेले वादक: सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, तालाला महापुरुष मिश्र. दोनच ट्रॅक असले की नंतर एकट्या बासरीचा आवाज कमी-जास्त करता येत नाही. समतोल खोलीतच साधावा लागतो, तोही माणसं पुढेमागे बसवून. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलनी घटतो. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज हा हिशेब बिघडवतो. मग कान हेच मोजमाप. लंडनच्या करामतींपेक्षा मला हा प्रयोग जास्त अवघड वाटतो.

भिंतींनीही साथ दिली नाही. साडेपाचला इमारतीतली ऑफिसं सुटली की जिन्यावर पावलांचा धडधडाट सुरू होई आणि मुद्रण थांबवावं लागे, असं हॅरिसननं पुढे सांगितलं. यात नवल नाही. भिंत बारीक, तीव्र आवाज बऱ्यापैकी अडवते. पावलांचा खर्ज मात्र जिना, तुळया, फरशी असा इमारतीच्या हाडांतूनच चालत येतो. त्यावर उपाय म्हणजे खोलीत वेगळी, तरंगती खोली बांधणं. नाहीतर साडेपाचला चहा.

याच मुक्कामात ‘द इनर लाइट’चा वाद्यमेळ ध्वनिमुद्रित झाला. फेब्रुवारीत लंडनला ती टेप चार ट्रॅकच्या टेपवर उतरवली आणि रिकाम्या ट्रॅकवर हॅरिसन गायला. १५ मार्च १९६८ला ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला हे गाणं आलं. बीटल्सच्या सिंगलवरचं हॅरिसनचं हे पहिलंच गाणं, आणि वाद्यं सगळी मुंबईत वाजलेली.