मनोरुग्ण आणि शेजारधर्म

घरात मनोरुग्ण असला की आपण दार लोटून घेतो. बेल्जियममधील गील या गावच्या शेतकऱ्यांनी मात्र दार उघडले. मनोरुग्णांची आश्रयदाती संत डिम्फना हिच्या तेथील देवालयात तेराव्या शतकापासून दूरदूरचे रुग्ण येत. जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना घरी ठेवून घेतले. ज्याला जे झेपेल ते काम तो करी: कोणी गुरे पाही, कोणी शेतात राबे. १९३८ च्या सुमारास असे साडेतीन हजारांवर रुग्ण घरोघरी राहत होते. आज संख्या बरीच घटली, तरी प्रथा चालू आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने तिचा गौरव केला.

पण हे केवळ मायेवर चालले नाही. १८६२ पासून गावात रुग्णालय आहे. घरांना खर्चासाठी पैसे मिळतात आणि अडीअडचणीला डॉक्टर-परिचारिका पाठीशी असतात.

आपणही एवढे करू या. रुग्णाला साखळीने बांधू नये. २०१७ च्या कायद्याने ते मना आहे. बरे वाटले म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध थांबवू नये. कीटकनाशके कुलपात ठेवावीत. सल्ल्यासाठी १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत बोलता येते.

आणि शेजाऱ्यांनो, आठवड्यातून एक दुपार त्या रुग्णाजवळ बसा. त्याच्या आईला बाजार करता येईल, घटकाभर पाठ टेकता येईल.