जनुकाचा पाठ आणि पाठभेद : डीएनएपासून प्रथिनापर्यंतचा प्रवास

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात असलेली शिवथरची घळ ही 'दासबोध' ग्रंथाचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. समर्थ रामदासांनी ग्रंथ सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये या घळीचा शोध लावला. मुद्रणकला रुजण्यापूर्वी असे ग्रंथ नकलांच्या रूपाने पसरत. नक्कल करताना एखादे अक्षर बदले, एखादे गळून जाई आणि त्यातून पाठभेद निर्माण होत. भाषा व साहित्याच्या अभ्यासकांना सुपरिचित असलेली ही प्रक्रिया सजीवांच्या पेशीतही अखंड चालू असते. प्रस्तुत लेखात डीएनए, आरएनए व प्रथिननिर्मिती यांचा परस्परसंबंध स्पष्ट करून, जनुकातील पाठभेद दोष ठरतो की गुण, या प्रश्नाचा विचार केला आहे.

मूळ पोथी आणि तिची नक्कल

डीएनए हा पेशीच्या केंद्रकात जपलेला मूळ ग्रंथ होय. त्याची दुपदरी सर्पिल रचना वॉटसन व क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडली. अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन व सायटोसीन ही त्याची चार अक्षरे. अ‍ॅडेनीनसमोर थायमीन आणि ग्वानीनसमोर सायटोसीन हीच जोडी जुळते. मानवाच्या एका जनुकसंचात अशा सुमारे ३०० कोटी जोड्या असतात.

हा ग्रंथ केंद्रकाबाहेर जात नाही. ज्या प्रथिनाची गरज असेल तेवढ्याच जनुकाची नक्कल आरएनएच्या रूपाने केली जाते. या क्रियेस प्रतिलेखन म्हणतात. आरएनए एकपदरी असतो आणि त्यात थायमीनच्या जागी युरॅसिल येते. प्रारंभिक नकलेतील अनावश्यक भाग वगळून उरलेले भाग जोडले जातात व सिद्ध झालेला संदेशवाहक आरएनए पेशीद्रव्यात येतो. येथे एक भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे. आरएनएतील चूक त्या नकलेबरोबर नष्ट होते. मात्र बीजपेशीच्या डीएनएमधील चूक पुढील पिढ्यांत उतरू शकते.

अक्षरांतून अर्थाकडे

संदेशवाहक आरएनएचे वाचन रायबोसोमवर होते. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, म्हणजेच कोडॉन, मानला जातो. चार अक्षरांपासून असे ६४ शब्द संभवतात. त्यांपैकी ६१ शब्द २० अमिनो आम्लांचे निर्देशक असून ३ शब्द पूर्णविरामाचे काम करतात. वाहक आरएनए प्रत्येक कोडॉनला अनुरूप अमिनो आम्ल आणून देतो व रायबोसोम ती क्रमाने जोडत जातो. हे भाषांतरण होय. तयार झालेल्या साखळीस विशिष्ट घड्या पडून कार्यक्षम प्रथिन आकारास येते. या सांकेतिक भाषेच्या उलगड्यासाठी हरगोविंद खुराना, मार्शल निरेनबर्ग व रॉबर्ट हॉली यांना १९६८ चे, तर रायबोसोमच्या रचनेवरील संशोधनासाठी वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ व अदा योनाथ यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

एका अक्षराचा बदल

रक्तातील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. तिचे जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे. सहाव्या अमिनो आम्लाच्या 'ग्वानीन-अ‍ॅडेनीन-ग्वानीन' या शब्दात मधल्या अ‍ॅडेनीनऐवजी थायमीन आले की ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन बसते. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांस चिकटून लांब तंतू बनवते व तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हाच सिकलसेल आजार. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत तो प्रामुख्याने आढळतो. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हा पाठभेद टिकून राहण्यामागेही कारण आहे. ज्याच्याकडे या जनुकाची एकच बदललेली प्रत असते, त्यास तीव्र हिवतापापासून बऱ्याच अंशी संरक्षण मिळते.

आठ अक्षरांची गळती

शिवथर परिसरासह महाड-पोलादपूरचे मुख्य पीक भात. भाताच्या काही जातींना सुगंध असतो, बहुसंख्य जातींना नसतो. या भेदाचे मूळ भाताच्या ८ व्या गुणसूत्रावरील एका जनुकात असल्याचे २००५ मध्ये दाखवून देण्यात आले. हे जनुक ५०३ अमिनो आम्लांचे एक विकर घडविते. बासमतीसह अनेक सुगंधी जातींमध्ये त्यातील आठ अक्षरे गळालेली असतात.

आठ या संख्येस तीनने निःशेष भाग जात नाही, हे येथे महत्त्वाचे आहे. 'मदन कमळ उचल' या वाक्यातील 'द' काढून तीन-तीन अक्षरे वाचल्यास 'मनक मळउ चल' असे निरर्थक वाचन होते. संपूर्ण 'कमळ' शब्द काढला असता, तर मात्र पुढचा शब्द शाबूत राहिला असता. आठ अक्षरांच्या गळतीनेही पुढील सर्व वाचन बिघडते, अकाली पूर्णविराम लागतो आणि प्रथिन अर्धवट राहते. विकर निकामी झाल्याने ज्या पदार्थाचे ते रूपांतर करत असे तो साठतो व त्यापासून २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन हे सुगंधी संयुग बनते. ज्याला आपण भाताचा वास म्हणतो, तो अशा रीतीने एका अपूर्ण प्रथिनाचा परिणाम होय. हा गुण अप्रभावी असल्याने सुगंधासाठी जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असाव्या लागतात. म्हणून सुगंधी व साध्या जातीच्या संकरातून आलेल्या पहिल्या पिढीत तो दबून राहतो. सुगंधी वाणाचे बियाणे शुद्ध राखण्याचे महत्त्व यावरून लक्षात येते.

निष्कर्ष

वरील दोन उदाहरणांवरून असे दिसते की, उत्परिवर्तन म्हणजे केवळ विकृती हा समज अपुरा आहे. सिकलसेलमध्ये एकच अक्षर बदलते, तरी परिणाम जीवघेणा होऊ शकतो. भातात आठ अक्षरे गळतात आणि प्रथिन निकामी होते, तरी शेतकरी ते वाण पिढ्यान्‌पिढ्या जपतो. पाठभेदाचे मोल अक्षरांच्या संख्येवरून ठरत नाही. ते प्रथिन कोणते, त्याचे कार्य काय आणि परिस्थिती कोणती, यांवरून ठरते.

या दृष्टीचे सामाजिक मूल्यही मोठे आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात व्यापक रक्ततपासणी अभिप्रेत आहे. तपासणीत वाहक ठरलेला विद्यार्थी रुग्ण नसतो आणि कलंकितही नसतो. विवाहापूर्वी दोघांची तपासणी करून घेण्यास उपयुक्त अशी माहिती त्यास मिळालेली असते, एवढेच. हा भेद वर्गात स्पष्ट करण्याचे दायित्व केवळ जीवशास्त्राच्या अध्यापकाचे नसून सर्वच विद्याशाखांच्या अध्यापकांचे आहे.