तीन दिवसांचें तंजावर

सुटी मोजकी आणि मनांतील यादी लांबलचक, अशी शहरांत राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांची स्थिति असते. शनिवार-रविवारास लागून एखादा सण आला कीं चार दिवस हातीं लागतात, आणि त्या चार दिवसांत मदुरा, रामेश्वर, कन्याकुमारी हीं सर्व ‘करून’ येण्याचा बेत ठरतो. परिणाम असा होतो कीं तीन रात्री आगगाडींत जातात, देवळें धांवत्या पावलांनीं पाहिलीं जातात, आणि घरीं परतल्यावर कोणतें छायाचित्र कोणत्या गोपुराखालीं काढलें, याबद्दल नवराबायकोंत वाद होतो. थोड्या दिवसांच्या प्रवासाचा खरा नियम याच्या उलट आहे. एकच शहर निवडावें, तेथें मुक्काम करावा, सकाळ-संध्याकाळ तेंच शहर पाहावें, आणि फार तर एक दिवस आसपासच्या गांवांकडे द्यावा. मराठी कुटुंबानें या नियमाची परीक्षा घ्यावयाची ठरविली, तर तंजावरासारखें दुसरें ठिकाण क्वचितच सांपडेल.

तंजावर हें तामिळनाडूंत, कावेरीच्या सुपीक त्रिभुज प्रदेशांत वसलेलें, भाताच्या शेतांनीं वेढलेलें शहर आहे. आधीं चोळ, मग नायक आणि त्यांच्यामागून भोसले, अशा तीन राजवटींचे थर तेथें एकावर एक बसलेले दिसतात. शहाजीराजांचे पुत्र व शिवछत्रपतींचे सावत्र बंधु व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनीं इ. स. १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलें, आणि १८५५ पर्यंत त्यांच्या वंशाची गादी तेथें होती. पुण्याची पेशवाई १८१८ त बुडाली. त्यानंतरही सदतीस वर्षें ही गादी टिकली, ही गोष्ट पुष्कळ सुशिक्षित मराठी माणसांच्याही ध्यानांत नसते.

चेन्नईहून तंजावर लोहमार्गानें सुमारें साडेतीनशें किलोमीटर आहे. रात्रीच्या गाडींत बसावें, सकाळीं उतरावें. विमानानें येणाऱ्यानें तिरुचिरापल्लीस उतरावें. तेथून मोटारीनें दीड तासाचा रस्ता आहे. ऋतूची निवड मात्र विचारानें करावी. महाराष्ट्रांत पाऊस संपला म्हणजे तेथें संपला असें नव्हे. त्या भागास ईशान्येकडील मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो, आणि तो ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत पडतो. एप्रिल-मे महिन्यांतील ऊन तर सोसवत नाहीं. म्हणून जानेवारी-फेब्रुवारी हे दोन महिने उत्तम. जानेवारीच्या मध्यास पोंगलचा सण येतो. त्यांतील गुराढोरांच्या पूजेच्या दिवशीं मोठ्या देवळांतील नंदीस फळांनीं व भाज्यांनीं मढवितात. तें दृश्य मुलांना विशेष आवडतें.

पहिला दिवस या मोठ्या देवळाचाच ठेवावा. ग्रंथांत त्यास बृहदीश्वर म्हणतात. गांवचे लोक त्यास ‘पेरिय कोविल’, म्हणजे नुसतें ‘मोठें देऊळ’, एवढेंच म्हणतात. पहिल्या राजराज चोळानें तें बांधविलें व १०१० त तें पूर्ण झालें. गाभाऱ्यावरील विमान सुमारें ६० मीटर उंच आहे. दक्षिणेंतील बहुतेक देवळांत बाहेरचीं गोपुरें उंच आणि गाभाऱ्यावरील शिखर ठेंगणें असतें. येथें तो क्रम उलटा आहे. दरवाजे बेताचे आणि खुद्द देवाच्या मस्तकावरील शिखर आकाशास भिडलेलें, त्यामुळें आवारांत पाऊल टाकतांच दृष्टि आपोआप योग्य ठिकाणीं जाते. सर्व काम कठीण ग्रॅनाइट दगडाचें आहे, आणि तंजावरच्या भोंवतालीं तर नुसती गाळाची जमीन. अर्थात् हा सगळा दगड दुरून वाहून आणावा लागला. ही एक गोष्ट मनांत ठेवून देवळाभोंवतीं फेरी घातली, तर राजराजाच्या सत्तेची कल्पना इतिहासाच्या दहा पानांपेक्षां अधिक येते.

वाटाडे येथें एक चमत्कार हटकून सांगतात, तो असा कीं या शिखराची छाया जमिनीवर पडतच नाहीं. ज्यास शंका असेल त्यानें दुपार ढळल्यावर आवारांत उभें राहावें. छाया फरसबंदीवर चांगली लांब पडलेली दिसते. खोट्या चमत्काराची या देवळास गरज नाहीं. भिंतींवर कोरलेले लेखच पुरेसे नवलाचे आहेत. राजानें काय दिलें, त्याच्या थोरल्या बहिणीनें काय दिलें, राण्यांनीं काय दिलें, देवळाच्या सेवेंतील चारशें नर्तकींस कोणत्या रस्त्यावर घरें दिलीं, हें सारें त्या दगडांवर नोंदलेलें आहे. पुढील प्रचंड नंदी मात्र राजराजाच्या काळचा नसून नायकांच्या काळांतील समजला जातो.

दोन व्यावहारिक सूचना येथें कराव्याशा वाटतात. देऊळ दुपारीं साडेबाराच्या सुमारास बंद होतें आणि चारच्या सुमारास पुन्हां उघडतें. ही प्रथा त्या प्रांतांत सर्वत्र आहे. ती ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ प्रवाशांचे बेत फसतात. दुसरें असें कीं आवारांत अनवाणी चालावें लागतें, आणि अकरा वाजल्यानंतर फरशी तव्यासारखी तापते. म्हणून सकाळीं सात वाजतां जावें, दहापर्यंत पाहावें, आणि संध्याकाळीं पुन्हां जावें.

संध्याकाळची ही दुसरी फेरी मराठी प्रवाशानें एका खास कामासाठीं राखून ठेवावी. आवाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर एक लांबच लांब शिलालेख आहे. भोंवतालच्या तामिळ लेखांत त्याची अक्षरें एकदम ओळखीचीं वाटतात, कारण तीं देवनागरी आहेत आणि भाषा मराठी आहे. सरफोजीराजे दुसरे यांनीं १८०३ त भोसले कुळाचा इतिहास येथें कोरविला. सह्याद्रीपासून इतक्या दूर, चोळांच्या देवळांत, भिंतीवर बोट ठेवून आपल्या मुलाकडून मराठी ओळ वाचवून घेणें, हा अनुभव कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकांत सांपडणारा नाहीं.

भोजनाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण पोटाची नीट व्यवस्था नसली तर शिल्पकलेंत कोणाचेंच मन रमत नाहीं. सकाळीं इडली, वडा आणि तुपानें माखलेलें पोंगल, त्यावर कॉफी. ही कॉफी पितळी पेल्यांतून व त्याखालच्या डबरा नांवाच्या खोलगट भांड्यांतून वरखालीं करून निववून प्यावयाची असते. दुपारचें जेवण केळीच्या पानावर. पानाचें निमुळतें टोंक जेवणाऱ्याच्या डाव्या हातास येतें. भात तीनदां वाढतात: प्रथम सांबाराबरोबर, मग रसमाबरोबर, आणि शेवटीं ताकाबरोबर किंवा दह्याबरोबर. हा क्रम न जाणणारा मनुष्य पहिल्याच भातानें पोट भरून घेतो आणि मग रसमाच्या वेळीं हात आडवा करतो. पोळीची वाट पाहत बसूं नये. जेवण झाल्यावर पान आपल्या बाजूस मिटावें. जेवण आवडल्याची ती खूण समजतात.

सांबार हा शब्द संभाजीराजांच्या नांवावरून आला, अशी एक गोष्ट तंजावरच्या संदर्भांत नेहमीं सांगितली जाते. गोष्ट गोड आहे, पण तिला भक्कम पुरावा नाहीं. पुरावा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. राजवाड्याच्या मुदपाकखान्यांतील पदार्थांच्या कृती मराठींत लिहून ठेवलेला पाकशास्त्राचा ग्रंथ तेथील ग्रंथालयांत सुरक्षित आहे. दुसऱ्या दिवशीं पाहावयाचें तें हेंच ग्रंथालय.

राजवाडा देवळापासून फार दूर नाहीं. नायकांनीं तो आरंभिला आणि भोसल्यांनीं वाढविला. त्यांतील दरबारगृह, उंच मनोरा आणि चोळकालीन कांस्यमूर्तींचें संग्रहालय हीं पाहण्यास सकाळ जाते. खरें रत्न म्हणजे सरस्वतीमहाल. हा ग्रंथसंग्रह नायकांच्या काळापासूनचा; परंतु त्यास आजचें रूप दिलें तें सरफोजीराजे दुसरे यांनीं. ते १७९८ त गादीवर बसले, आणि पुढच्याच वर्षीं झालेल्या तहानें राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. राजाच्या हातीं किल्ला आणि नेमणूक एवढेंच उरलें. अशा स्थितींत दुसरा एखादा राजा शिकारींत आणि नाचरंगांत बुडून गेला असता. या राजानें ग्रंथ जमविले. काशीच्या यात्रेंत हस्तलिखितें मिळविलीं, युरोपांतून छापील पुस्तकें आणविलीं, देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला, आणि इसापाच्या गोष्टींचें मराठी भाषांतर १८०६ त छापविलें. धन्वंतरिमहालांत औषधांचे प्रयोग चालत. डोळ्यांच्या रोग्यांवर केलेल्या उपचारांच्या नोंदी आजही संग्रहांत आहेत. त्याच्या दरबारांत चार तामिळ बंधूंनीं नृत्याच्या कार्यक्रमाचा जो क्रम बसविला, तोच पुढें भरतनाट्याचा पाया झाला.

त्याच्याही आधींच्या भोसले राजांची कामगिरी लहान नाहीं. सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ १८४३ त रंगभूमीवर आणलें. त्याच्या शतकाहून अधिक काळ आधीं तंजावरास शाहराजे मराठींत नाटकें रचीत होते. तेलुगु आणि संस्कृत या भाषांतही त्या दरबारांत लेखन होई.

सरस्वतीमहालाचीं कपाटें प्रवाशास उघडून मिळत नाहींत. अभ्यासकांची व्यवस्था निराळी आहे. पण त्यास लागून असलेल्या प्रदर्शनांत ताडपत्रें, चित्रमय पोथ्या आणि जुने नकाशे मांडलेले असतात. सुटीचा वार आधीं विचारून ठेवावा. जवळच शिवगंगा किल्ल्यांत १७७९ त बांधलेलें प्रार्थनामंदिर आहे. श्वार्ट्‌झ नांवाचा पाद्री सरफोजीराजांचा बाळपणींचा पालक व शिक्षक होता. त्याच्या अंतकाळीं राजा त्याच्या शय्येपाशीं उभा आहे, असें जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकारानें कोरलेलें संगमरवरी शिल्प राजानें मुद्दाम करवून तेथें बसविलें.

राज्याचा शेवट दुःखद झाला. १८५५ त शिवाजीराजे दुसरे औरस पुत्रावांचून वारले आणि कंपनीनें राज्यासह राजवाड्यांतील खाजगी मालमत्ताही ताब्यांत घेतली. विधवा राणी कामाक्षीबाई न्यायालयांत गेल्या. १८५९ त प्रिव्ही कौन्सिलनें असा निर्णय दिला कीं हें कृत्य राज्यसत्तेचें असल्यामुळें न्यायालयास त्यांत हात घालतां येत नाहीं. राज्य गेलें, तोफा गेल्या. पोथ्या मात्र राहिल्या, आणि १९१८ पासून तो संग्रह सार्वजनिक ग्रंथालय झाला.

दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ तिरुवैयारूस घालवावी. कावेरीच्या तीरावरचें हें गांव सुमारें तेरा किलोमीटरवर आहे. संगीतकार त्यागराज (१७६७–१८४७) यांची समाधि येथें आहे. सरफोजीराजांनीं त्यांस दरबारांत बोलावलें व त्यांनीं तें नाकारलें, अशी आख्यायिका आहे. समाधीवरचें मंदिर बंगळूरच्या नागरत्नम्मा या गायिकेनें १९२५ च्या सुमारास स्वतःच्या पैशानें उभारलें. तेथील उत्सवांत पूर्वीं स्त्रियांस गाण्याची मनाई होती, ही गोष्ट ध्यानांत घेतां तिच्या कार्याचें मोल कळतें. परततांना मुगाच्या डाळीचा अशोक हलवा घ्यावा. तो याच गांवचा.

तिसरा दिवस कुंभकोणच्या बाजूस. वाटेंत, सुमारें पस्तीस किलोमीटरवर, दारासुरमचें ऐरावतेश्वर मंदिर लागतें. दुसऱ्या राजराजानें तें बाराव्या शतकांत बांधविलें. मोठ्या देवळाचा विशेष त्याच्या आकारांत आहे. येथील विशेष नाजूक कोरीव कामांत आहे. मंडपच रथाचा केला असून त्यास दगडी चाकें व धांवणारे घोडे आहेत. तंजावरचें देऊळ १९८७ त जागतिक वारशाच्या यादींत गेलें. दारासुरम आणि गंगैकोंडचोळपुरम हीं दोन देवळें त्यांत २००४ त मिळविलीं. जवळच्या स्वामिमलै गांवीं मूर्तिकार आजही चोळांच्या पद्धतीनें ओतकाम करतात. आधीं मेणाची मूर्ति घडवावयाची, तिजवर कावेरीच्या मातीचे लेप द्यावयाचे, तापवून मेण वाहून जाऊं द्यावयाचें, आणि त्या पोकळींत वितळलेला धातु ओतावयाचा. सांचा फोडल्यावांचून मूर्ति निघत नाहीं. त्यामुळें प्रत्येक मूर्ति एकुलती एक. हें काम पाहण्यास अर्धा तास द्यावा. कुंभकोणांत गणिती रामानुजन यांचें लहानसें घर जतन केलेलें आहे. बडोद्याचे सुप्रसिद्ध दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्मही १८२८ त याच गांवीं, तंजावरकडील मराठी कुटुंबांत झाला.

या शेवटच्या गोष्टीवरून एक विचार सुचतो. तंजावरकडील मराठी घरें संपलेलीं नाहींत. त्यांच्या घरांत आजही मराठी बोलली जाते. तिच्यांत कित्येक जुनीं रूपें टिकून आहेत आणि तामिळची छाप आहे. पुष्कळांस देवनागरी वाचतां येत नाहीं. पुण्या-मुंबईच्या प्रवाशाशीं असें एखादें कुटुंब मोठ्या हौसेनें मराठींत बोलूं लागतें, आणि प्रवासी तें बोलणें ऐकून हंसतो किंवा हिंदींत उत्तर देतो. असें करूं नये. साडेतीन शतकें ज्यांनीं आपल्या उंबऱ्याच्या आंत ही भाषा जपली, त्यांच्या पुढच्या पिढीनें ती बोलावी कीं सोडून द्यावी, हें थोडें तरी अशा भेटींवर अवलंबून आहे. त्यांस शांतपणें मराठींतच उत्तर द्यावें, न समजलेला शब्द पुन्हां विचारावा, आणि जमल्यास पत्ता घेऊन घरीं परतल्यावर एखादें मराठी पुस्तक पाठवावें.

तसेंच, ‘आपलें राज्य’ पाहण्याच्या भरांत चोळांकडे व तामिळ लोकांकडे पाठ फिरवूं नये. भोसल्यांचें नांव तेथें आदरानें घेतलें जातें याचें कारण त्यांनीं त्या भूमीच्या विद्या आणि कला आपल्या मानिल्या, हें आहे. तीन दिवसांच्या पाहुण्यानें तोच कित्ता गिरवावा.